फरदडीचा कापूस आणि चौदा वर्षांनी भेटलेली दोन माणसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेने पहिली कादंबरी लिहून पुरी केली आहे. दारव्हा तालुक्यातलं एक गाव, साल २००९. सुनंदा वीस वर्षांची, प्रवीण बावीसचा. पळून जाऊन लग्न करायचं ठरतं, ती दारव्ह्याच्या एसटी स्टँडवर पोचते, तो येत नाही. तिचं लग्न अकोला जिल्ह्यात लावून देतात. २०१९ मध्ये नवरा जातो, ती पाच वर्षांची पोर घेऊन माहेरी येते आणि भावाच्या तीन एकरांत राबते. २०२३ च्या नोव्हेंबरात प्रवीण वडिलांच्या तेरवीसाठी पुण्याहून गावी येतो. मग उलगडा होतो की त्याने तेव्हा पाठवलेली चिठ्ठी त्याच्या आईने सुनंदापर्यंत पोचूच दिली नव्हती. गैरसमज मिटतो, भर वावरात पाऊस येतो आणि त्या पावसात दोघं एकमेकांच्या मिठीत. वाचणाऱ्या चौघांनीही सांगितलं की शेवट पटत नाही. 'शेवट बदलू का?' असं त्या विचारतात.

ताई, शेवट राहू द्या. पहिलं प्रकरण बदला.

मी चोवीस वर्षं कथा-कादंबऱ्यांची हस्तलिखितं तपासते आहे. तुटलेली जोडी पुन्हा जुळते अशा गोष्टी त्यात दरवर्षी येतात, आणि गेल्या आठ-दहा वर्षांत तर फारच वाढल्या. कारणही उघड आहे. दहावीच्या बॅचचे व्हॉट्सॲप ग्रुप झाले, माजी विद्यार्थ्यांचे मेळावे झाले, वीस वर्षं ज्याचं तोंड पाहिलं नाही त्याचा फोटो सकाळी सकाळी 'शुभ प्रभात' घेऊन हातातल्या फोनवर येतो. या गोष्टी फसतात त्या बहुतेक एकाच जागी: माणसं का तुटली, याचं उत्तर लेखकाने स्वस्तात उरकलेलं असतं. तुमच्याकडे ते काम चिठ्ठीवर ढकललं आहे.

आता ती चिठ्ठी जरा जवळून पाहू. २००९ मध्ये बावीस वर्षांचा पोरगा, शिकलेला, आणि निरोप चिठ्ठीने पाठवतो? तोवर मोबाइल आपल्या गावांत पोचला होता. घरात एकच फोन असेल, बॅलन्स नसेल, टॉवरसाठी धुऱ्यावर जाऊन उभं राहावं लागत असेल. तरी मिस्ड कॉलची खूण प्रत्येक पोरापोरीला ठाऊक होती. बरं, चिठ्ठी धरून चालू. ती पोचली नाही हे त्याला एका महिन्यात कळलं असतं, कारण सुनंदाचं लग्न ठरल्याची बातमी गावातून पुण्याला जायला तेवढाही वेळ लागत नाही. २०१६ मध्ये जिओ आलं आणि गावोगाव फेसबुक उघडलं. चौदा वर्षांत एकदाही त्याने तिला शोधलं नाही, हे तुम्हीच लिहून ठेवलं आहे. वाचणाऱ्याच्या मनात हाच काटा राहतो. १९८९ ची गोष्ट असती तर दाबून ठेवलेल्या पत्रावर कादंबरी उभी राहिली असती. मोबाइलच्या काळात चौदा वर्षांची गप्पगुमी हा त्या माणसाचा स्वतःचा निर्णय असतो, आणि तो निर्णय लिहायला तुमचा जीव धजावत नाही, कारण प्रवीण तुम्हाला आवडतो.

मलाही हे सहज समजलेलं नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी आर्वीकडे माहेरी असताना माझी एक कथा मी आत्याच्या ओसरीत वाचून दाखवली होती. ऐकायला वेचणीच्या चार बाया होत्या, दुपारची भाकर खाऊन टेकलेल्या. कथेत असाच एक परत येणारा नायक होता, आणि त्याच्या परतण्यावर मी तीन पानं जीव ओतून लिहिली होती. वाचून झालं. त्यातली सगळ्यात वयस्क बाई पदराने हात पुसत म्हणाली, "बाई, तो बारा वर्सं कुठी होता, ते सांग ना वो. तेच कायले गाळलं?" मी ती कथा परत लिहिली. पुढे कुणाचंही हस्तलिखित हातात आलं की पहिल्यांदा हाच प्रश्न विचारते.

तेव्हा प्रवीण कुठे होता? माझा सल्ला: तो घरीच होता. आजारी नव्हता, कोंडलेला नव्हता, त्याला मारहाण झाली नव्हती. पिशवी भरली होती. सकाळी बाप एवढंच म्हणाला की पोरीचं घर कोणत्या वस्तीत आहे ते तुला माहीत आहे, तुझ्या दोन बहिणींची सोयरीक व्हायची आहे, आता तू ठरव. आणि त्याने ठरवलं. दुपारी तो वखरावर गेला. संध्याकाळी जेवला.

जात लिहायला घाबरू नका. तुमच्या हस्तलिखितात 'दोन्ही घरांचा विरोध होता' असं एक वाक्य आहे आणि ते तीनदा येतं. विरोध कशाचा? गावातल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे, वाचणाऱ्यालाच तेवढं ठाऊक नाही. आडनाव, वस्ती, कोणत्या विहिरीचं पाणी, लग्नाच्या पंगतीत कोण कुठे बसतं, यांतलं काहीतरी एक पानावर येऊ द्या. ते आलं की प्रवीणचं न येणं नुसतं भित्रेपण राहत नाही. आपल्याला मिळालेली जागा न सोडण्याचा तो निर्णय होतो. असा अपराध चिठ्ठी सापडल्याने फिटत नाही. फेडायला काहीतरी करावं लागतं, आणि ते करणं हीच तुमच्या कादंबरीची उरलेली दोनशे पानं.

तुम्ही कापसाच्या मुलखातल्या, म्हणून फरदडीचं उदाहरण देते. वेचे संपले की पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, उपटायची, हे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. पण ओलिताची सोय असली की शेतकरी एखादं पाणी देऊन तीच पऱ्हाटी राखतो, कारण त्याच झाडाला पुन्हा बोंडं धरतात; हीच फरदड. मेहनत कमी, हाती चार पैसे जास्त. मोह कुणाला होत नाही? पण त्याच झाडावर गुलाबी बोंडअळीलाही मुक्काम मिळतो आणि ती पुढच्या हंगामावर चालून येते. २०१७ च्या हंगामात याच अळीने विदर्भात काय केलं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं असेल, बाहेरून साजरं दिसणारं बोंड फोडलं की आत किडलेली सरकी. जुन्या झाडावर दुसरा बहार धरणाऱ्या प्रत्येक गोष्टीला ही अळी असते. तुमच्या गोष्टीतली अळी त्या दिवशीच्या दुपारी आहे, तो वखरावर गेला त्या दुपारी. बोंड तिथे फोडा.

आता शेवटचा पाऊस. इथे मला थोडं रागावू द्या, कारण तुम्ही स्वतः त्या मातीतल्या आहात. नोव्हेंबर महिना, वावरात कापूस फुटून पांढराफटक झालेला, दुसरा वेचा तोंडावर, आणि आभाळ भरून येतं. सुनंदा मिठी मारेल? फुटलेल्या कापसावर पाऊस पडला की त्याची कवडी होते, भाव पडतो, सरकीला मोड यायची धास्ती. सकाळपासून वेचलेली गंजी धुऱ्यालगत उघडी पडलेली असते. त्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस विदर्भात अवकाळी पाऊस खरंच झाला होता, म्हणजे पाऊस तुमच्या बाजूने आहे. प्रसंग तोच ठेवा, फक्त माणसांना त्यांची कामं करू द्या. ती ताडपत्रीकडे धावते. वाऱ्याने ताडपत्री एका हाती आवरत नाही. दुसरं टोक कुणीतरी धरतं. ती वर बघतही नाही, म्हणते, "दगड आना पयले, दगड!" तो दगड आणतो. चारी कोपरे दाबून होईस्तोवर दोघंही भिजून चिंब, श्वास लागलेला, आणि तिच्या बोटांना बोंडाच्या सुकलेल्या टोकांचे बारीक ओरखडे, त्यावर पावसाचं पाणी झोंबतंय. तो ते ओरखडे पाहतो. पुण्यात चौदा वर्षांत त्याच्या बोटांना काय झालं? काहीच नाही. इतकं दाखवा आणि प्रकरण संपवा. मिठी नको. वाचणारा आपली आपण मारून घेईल.

काम करणाऱ्या हातातून ओळख पटते, हे आपल्याच प्रांतात फार जुनं आहे. नल-दमयंतीची कथा महाभारताच्या वनपर्वात येते. दमयंती विदर्भराज भीमाची मुलगी, कुंडिनपूरची. वर्धा नदीच्या काठावरचं आजचं कौंडण्यपूर हेच ते, असं लोक मानतात. जुगारात राज्य घालवून बसलेला नल तिला रानात झोपलेली टाकून जातो, तिचंच अर्धं वस्त्र फाडून. पुढे रूप पालटलेला तो बाहुक नावाने ऋतुपर्ण राजाच्या पदरी सारथी होतो. दमयंती दुसऱ्या स्वयंवराची हूल उठवते, बाहुक रथ हाकत विदर्भात येतो, आणि ती काय करते? धावत जात नाही. केशिनी दासीला त्याच्यावर नजर ठेवायला पाठवते. त्याने रांधलेलं मांस मागवून घेते, चाखते, आणि चवीवरून नवऱ्याला ओळखते. मग लेकरांना त्याच्यापुढे धाडते. त्यानंतर कुठे त्याला समोर बोलावते, आणि पहिला प्रश्न हाच करते की निरपराध बायकोला झोपलेली रानात सोडून जाणारा माणूस तू कुठे पाहिला आहेस का. नल त्यावर आपल्या अंगात शिरलेल्या कलीचं नाव पुढे करतो, तो भाग सोडून द्या. पुरुष कारणं देतातच. क्रम मात्र डोक्यात पक्का धरा: आधी परीक्षा, मग प्रश्न, आणि मिलन सगळ्यांच्या शेवटी. तुमच्या हस्तलिखितात मिलन आधी झालं आहे आणि प्रश्न कुणी विचारलेलाच नाही.

विदर्भातल्याच पद्मपूरच्या भवभूतीने, त्या संस्कृत नाटककाराने, तर याहून अवघड काम केलं. 'उत्तररामचरिता'च्या तिसऱ्या अंकात राम बारा वर्षांनी पंचवटीत येतो आणि सीता तिथेच अदृश्य रूपात उभी असते. तो तिच्यासाठी विलाप करतो, तिला ऐकू जातंय हे त्याला माहीत नसतं. समोर बसवून मागितलेली माफी ऐकणारीला अवघडवते, तिला काहीतरी उत्तर द्यावंच लागतं. पाठीमागे कानावर आलेलं पश्चात्तापाचं बोलणं तिला मोकळं ठेवतं. प्रवीण आपल्या बहिणीशी किंवा जुन्या सालदाराशी बोलतोय आणि सुनंदाच्या ते कानावर पडतं, असं एक पान तुम्हाला जमेल. पण एकच.

भाषेवर येते. तुमची सुनंदा प्रवीणला विचारते, 'तू त्या दिवशी का आला नाहीस?' हे दारव्ह्यात कुणी म्हणत नाही. आपल्याकडे तू आला, तू गेला. तो शेवटचा 'स' वऱ्हाडात नाहीच. "त्या दिवशी काऊन नाई आला?" एवढंच. आणि त्याच्याही आधी एक गोष्ट तुमच्या हातून निसटली आहे: चारचौघांत ती त्याला हाक काय मारते? गावनात्याने तो 'प्रवीणभाऊ' आहे. तेरवीच्या घरी, बायकांनी भरलेल्या अंगणात, पाण्याचा गडवा पुढे करताना ती म्हणणार, "प्रवीणभाऊ, कधी आले तुमी?" एका वाक्यात 'भाऊ' आणि 'तुमी'. ज्याच्यासोबत पळून जायला ती पिशवी घेऊन स्टँडवर उभी होती त्याला. हे वाक्य नुसतं लिहा, खाली स्पष्टीकरण जोडू नका. आणि मग तो 'भाऊ' कधी गळतो त्याची जागा नीट निवडा. मी तर ताडपत्रीच्या प्रसंगात गाळीन, कारण घाईत माणूस नातं विसरतो.

याहून कठीण गाठ नऊ वर्षांच्या पोरीची. ती आईच्या माहेरी वाढते आहे. आईच्या गावचे सगळे पुरुष तिचे मामा; दुकानदार मामा, ऑटोवाला मामा, सरपंचही मामा. पहिल्याच दिवशी ती प्रवीणला 'मामा' म्हणणार, आणि आजूबाजूच्या सगळ्यांना ते बरोबरच वाटणार. पुढे ती त्याला काय म्हणेल? 'बाबा' हा शब्द तिच्यासाठी रिकामा नाही, तिला बाप आठवतो. तुमच्या हस्तलिखितात ही पोर जेवते, शाळेत जाते आणि सोयीच्या वेळी झोपी जाते. तिला जागी करा. आईचं जुनं प्रकरण शाळेतल्या कुणा पोराच्या तोंडून तिला कळू शकतं, आणि त्या दिवसापासून ती प्रवीणला कोणत्याच नावाने हाक मारत नाही, नुसतं "ओ" म्हणते. माझ्या मते तुमच्या कादंबरीतलं सगळ्यात मोलाचं प्रकरण हे आहे आणि ते अजून लिहिलेलंच नाही.

वावराविषयीही एक सांगते. 'भावाच्या तीन एकरांत राबते' असं तुम्ही लिहिलं आहे. ते वावर वडिलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर त्यात लेकीचाही मुलाएवढाच हक्क आहे. सुनंदा राबते आहे ती स्वतःच्याही वावरात, फक्त सातबाऱ्यावर तिचं नाव चढलेलं नाही. ती पुन्हा लग्न करणार असं कळल्यावर भाऊ आधी इज्जतीची भाषा बोलेल आणि आठ दिवसांनी हक्कसोडीचा कागद पुढे करेल. सासरकडचेही जागे होतील. नवऱ्याकडून वारसाने आलेला हिस्सा पुन्हा लग्न केल्यामुळे जात नाही, कायदा तिच्या बाजूने आहे, पण 'लग्न केलं की सगळं जाईल' ही भीती गावोगाव बायांना घातली जाते आणि बाया सह्या करून मोकळ्या होतात. इथे प्रवीणला काहीतरी करून दाखवायची जागा आहे. तिच्या वतीने भांडायला नव्हे, तिचं तिला भांडता येतं. तलाठ्याकडे, तहसिलीत तिच्यासोबत जायचं, रांगेत उभं राहायचं, सगळ्यांच्या देखत. २००९ मध्ये त्याला नेमकं हेच जमलं नव्हतं.

देखत म्हणजे कसं, त्याचंही साधन कायद्यातच आहे. जातीबाहेरचं लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली करायचं तर आधी नोटीस द्यावी लागते, ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावतात आणि ३० दिवस हरकतींसाठी थांबतात. पळून जाणारी पोरंपोरी याच तीस दिवसांना भितात, म्हणून देवळात हार घालतात. चौतिशीची सुनंदा आणि छत्तिशीचा प्रवीण यांची नावं, पत्त्यांसह, यवतमाळात महिनाभर कागदावर लटकलेली असतील. त्या महिन्यात गावात काय काय होईल याचा विचार करा. मला तिथे पन्नास पानं दिसतात. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंदीचा ठराव केला आणि पाठोपाठ शासनाने सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं; तुमच्या गावानेही तो ठराव केलेला दाखवता येईल, आणि ठरावावर सही करणारा माणूसच या नोटिशीवर काय बोलतो तेही.

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखात, गोष्ट नेण्याचा विचार तुम्ही पत्रात केला आहे. नेऊ नका. तिकडची भेटीची जागा निराळी, दिवाळीनंतरची मंडई म्हणजे गावजत्रा, पाहुण्यांनी भरलेली घरं, रात्रभर चालणारं नाटक. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक कंपन्यांची नाटकं होळीपर्यंत गावोगाव चालतात आणि तुटलेल्यांची नजरानजर व्हायला त्यापरती जागा नाही. पण तिथलं पीक धान, बोली झाडी, आणि ती तुमच्या कानात नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे, कारण तुमच्या उपकथानकात ती उलटी झाली आहे. सुनंदाची मैत्रीण नवऱ्याच्या माराला कंटाळून माहेरी येते, बैठक बसते, चार जाणती माणसं समजूत घालतात आणि ती नांदायला परत जाते. तुम्ही त्यालाही 'दुसरी संधी' म्हटलं आहे आणि सुनंदाच्या शेजारी आनंदाने मांडलं आहे. तसं करू नका. तिथे संधी फक्त मारणाऱ्याला मिळाली. तिला कुणी विचारलंच नाही. अशा बैठका मी माझ्या माहेरी पाहिल्या आहेत. कोपऱ्यात बसलेली पोरगी पूर्ण वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत असते आणि निकाल लागल्यावर चहा तिनेच करायचा असतो. ते उपकथानक ठेवायचं असेल तर तो चहा लिहा. मग सुनंदाचं 'हो' किती वेगळं आहे ते आपोआप कळेल, कारण तिच्याकडे 'नाही' म्हणायची सोय आहे: हातात वावर आहे, पदरात पोर आहे, मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, आणि चौदा वर्षं ती त्याच्यावाचून जगून दाखवून बसली आहे.

आता परत स्टँडवर. तुमचं पहिलं प्रकरण 'तो आला नाही' या शब्दांवर थांबतं आणि दुसरं थेट तिच्या लग्नाच्या मांडवात उघडतं. मधली संध्याकाळ कुठे गेली? शेवटची गाडी किती वाजता होती, ती त्या गाडीत बसली की नाही, कंडक्टर ओळखीचा निघाला का, हातातली पिशवी तिने कुठे लपवली, घरात शिरल्यावर आईने काय विचारलं आणि तिने काय सांगितलं. ते लिहा, आणि तेवढीच पानं मला पाठवा.